रंजना गोळ्या घेत होती

बातमी मला आष्ट्याच्या स्टँडवर कळली, आणि तीही माझ्याच गाडीत. मी पाटण-सांगली गाडीवर कंडक्टर आहे. त्या सकाळी गाडी आष्ट्याला थांबली, तेव्हा मी सवयीनं दारातून वाकून पाण्याच्या टाकीकडं बघितलं. सांगलीच्या हॉस्पिटलला जायचं असलं की रंजना तिथं टाकीच्या सावलीला उभी असायची. आता ती तिथं दिसणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण तिला सांगलीत ॲडमिट करून बरेच दिवस झाले होते, तरी मान तिकडं वळलीच. दोन बाया चढल्या, पदर सावरत मागं जाऊन बसल्या. मी तिकीट काढायला गेले तर एक दुसरीला सांगत होती, "मेजरची रंजना गेली की गं पहाटं." दुसरीनं जीभ चुकचुकवली आणि म्हणाली, "गोळ्याच घेत नव्हती म्हणं. आता अशा माणसाला कोण काय करणार?" मी मशीनचं बटण दाबलं आणि दोघींना अर्धी तिकिटं फाडून दिली. रडू आलं नाही. ती गेली हे कळायच्या आत ती खोटी होती हे ऐकावं लागलं, आणि माझ्या डोक्यात सणक गेली ती आजतागायत उतरलेली नाही.

अशा लेखात गेलेलं माणूस किती सोशिक होतं, त्यानं कधी कुणाचं मन दुखावलं नाही, असं लिहायची रीत आहे. रंजना सोशिक नव्हती. तिनं पुष्कळांची मनं दुखावली आणि त्यातल्या बहुतेकांची दुखवायलाच हवी होती. मीही तशीच आहे, म्हणून तर आमचं जमलं. हा लेख तिची आठवण म्हणून लिहितेच आहे, पण खरं सांगायचं तर सूड म्हणूनही लिहिते आहे. तिच्या मरणाचा सूड नाही. ती ल्यूपसनं गेली. आजार किडनीपर्यंत पोचला, मग छातीत संसर्ग झाला, डॉक्टरांनी शर्थ केली आणि ती गेली. त्याचा दोष मी कुणाला देत नाही. मला सूड हवा आहे तो त्याआधीच्या वर्षांचा, जेव्हा तिला तिच्याच घरात रोज सकाळी खोटारडी ठरवलं जात होतं.

आम्ही दोघी पाटणच्या शाळेत एका बाकावर बसायचो. रंजना कशी होती हे सांगायला एक प्रसंग पुरे आहे. गणिताच्या मास्तरांनी फळ्यावर एक अवघड उदाहरण घातलं होतं. रंजनानं ते त्यांच्या रीतीनं न सोडवता भलत्याच रीतीनं सोडवलं, उत्तर बरोबर आलं. मास्तर वही बघून भर वर्गात म्हणाले, "कुणाचं बघून लिहिलंस?" वर्ग हसला. रंजनानं वही मिटली. दुसऱ्या दिवशी उभी राहिली आणि म्हणाली, सर, दुसरं उदाहरण घाला. मास्तरांनी घातलं, तिनं फळ्यावर सोडवलं. "बरं, बस," मास्तर म्हणाले. ती बसेना. म्हणाली, "सर, काल वर्गाफुडं म्हणलात, आज वर्गाफुडंच सांगा, बघून लिवलं नव्हतं म्हणून." मास्तरांनी तिला वर्गाबाहेर काढलं. मग ती रोज गणिताच्या तासाला आपणहून बाहेर जाऊन उभी राहायला लागली. दारात नाही, खिडकीसमोर, मास्तरांना दिसेल अशी. शेवटी हेडमास्तरांनी विचारलं की ही पोरगी रोज बाहेर का असते, तेव्हा मास्तरांचा नाइलाज झाला. त्यांनी वर्गाला ऐकू जाईल असं सांगितलं, रंजनानं ते स्वतः सोडवलं होतं. घरी जाताना ती मला म्हणाली, "सुरे, जितक्या लोकांफुडं खोटं पाडलं, तितक्याच लोकांफुडं खरं म्हणायचं. एक बी माणूस कमी चालायचं न्हाई." तिचा हा हिशेब तिनं पुढं आयुष्यभर लावला.

लग्न होऊन ती आष्ट्याला गेली. नवरा फौजेत. हवालदार होऊन निवृत्त झाला, पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर, तसा तोही मेजर. मी त्याला दाजी म्हणायची. आता म्हणत नाही. तो सरहद्दीवर असताना ऊस, हळद, दोन म्हशी आणि सासूबाई हे सगळं रंजनानं एकटीनं सांभाळलं. एकच मुलगा, तोही आता फौजेत आहे. तो शाळेत असतानाच तिला हे दुखणं लागलं. उन्हातून आली की नाकाच्या दोन्ही बाजूंना गाल लालभडक व्हायचे, सकाळी बोटं सुजून बांगडी हलायची नाही, अधूनमधून बारीक ताप. कुणी उष्णता म्हटलं, कुणी वात म्हटलं. सांगलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासून ल्यूपस असं नाव सांगितलं. शरीरात बाहेरच्या रोगाशी लढायला जी फौज असते तीच घरच्यांवर उलटते, असं त्यांनी समजावलं. रंजना मला म्हणाली, "म्हंजे माझ्या अंगात बी मेजरच भरल्यात की."

ऊन तिला वैरी झालं. हळदीच्या रानात ती पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, डोक्यावर छत्री धरून जायला लागली. बांधावरून भावकीतला एक जण ओरडायचा, "मॅडम आल्या रं, मॅडम!" पुढं त्याच्या रानाला पाणी पाजायची पाळी रंजनाच्या विहिरीवरच्या मोटारीवर आली, तेव्हा तो किल्ली मागायला दारात आला. रंजना आतूनच म्हणाली, "मॅडम झोपल्यात. उठल्या की सांगू." तो दुपार टळेपर्यंत ओसरीवर बसून होता. हे तिनं मला गाडीत सांगितलं आणि दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. गाडीतली तिची जागाही ठरलेली. सकाळी आष्ट्याहून सांगलीला जाताना ऊन डावीकडून येतं आणि दुपारी परत येतानाही डावीकडूनच. हे मी गाडीवर इतकी वर्षं काढली म्हणून मला ठाऊक. म्हणून ड्रायव्हरच्या बाजूची, पुढून तिसरी, खिडकीजवळची सीट तिची. पाटणपासून मी त्या सीटवर माझ्या डब्याची पिशवी ठेवायची आणि आष्ट्याला उचलायची. कुणी वाद घातलाच तर माझ्याशी गाठ होती.

मेजर निवृत्त होऊन घरी आला आणि रंजनाच्या औषधपाण्याचा ताबा त्यानं घेतला. मन मोठं करून सांगते, त्याला काळजी होती. एकदा तिनं स्टेरॉइडची गोळी उपाशीपोटी घेतली होती, तेव्हा तिला रक्ताची उलटी झाली होती आणि डॉक्टरांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं की रिकाम्या पोटी गोळी घ्यायची नाही. तेवढं एक वाक्य मेजरनं उचललं आणि त्याचा हुकूम केला. रोज सकाळी नाष्टा झाला की स्टीलच्या वाटीत सगळ्या गोळ्या, शेजारी म्हशीच्या दुधाचा ग्लास आणि समोर मेजर उभा. स्टेरॉइड, मलेरियाची म्हणतात ती गोळी, हाडांसाठी कॅल्शियम, रक्तासाठी लोह, सगळं एका दमात. शेजारपाजारचे कौतुक करायचे की बायकोची अशी सेवा करणारा नवरा बघितला नाही. सासूबाईही मान डोलवायच्या.

त्यानंतर वर्ष-दीड वर्षानं रंजना बदलायला लागली. गाडीत चढताना दोन पायऱ्यांना दांडी धरून उभी राहायची. मार्च-एप्रिलात स्वेटर. चेहरा सुजल्यासारखा, केस ओंजळीनं जायचे, आवाज घोगरा आणि संथ झालेला. बोलता बोलता शब्द विसरायची, तिच्यासारखी तोंडाळ बाई. घरात सगळ्यांनी ते ल्यूपसच्या नावावर टाकलं, आणि ल्यूपस तर जुनाच, म्हणून मग हळूहळू आळस हा शब्द आला. सासूबाई म्हणायच्या, "आजारी हायस म्हणून दिवसभर अंथरूण धरायचं असतंय व्हय?" शेवटी सांगलीला रक्त तपासलं तर थायरॉईड मंद पडलेलं. ल्यूपस असलेल्या बायकांत हे नवीन नाही, डॉक्टर म्हणाले. जी फौज बाकीच्या अंगावर उलटते ती गळ्यातल्या त्या ग्रंथीलाही सोडत नाही, आणि लक्षणं दोन्हींची इतकी सारखी की एकाआड दुसरं लपून राहतं. त्यांनी थायरॉईडची छोटी पांढरी गोळी लिहून दिली, सकाळी घ्या म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मेजरनं ती गोळी वाटीत टाकली. नाष्ट्यानंतर, दुधाबरोबर, कॅल्शियम आणि लोहाच्या सोबत.

पुढच्या तपासणीत सुधारणा नाही. या आजारात ग्रंथी मंदावली की रिपोर्टातला आकडा वर जातो, आणि तिचा आकडा वरच जात होता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा तेच, पुन्हा वाढवली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला डॉक्टर कागद टेबलावर टाकून म्हणाले, "या गोळ्या घेत नाहीयेत. रिपोर्ट खोटं बोलत नाही." बाकावर बसलेले सगळे पेशंट बघायला लागले. मेजरचा चेहरा काळाठिक्कर पडला. तो म्हणाला, साहेब, मी माझ्या हातानं देतो. डॉक्टर म्हणाले, देता तुम्ही, गिळतात का ते बघा... त्या दिवशी परतीच्या गाडीत मेजर तिच्या शेजारी बसला होता. अर्ध्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात तो तिला विचारत होता, "थुकतीस कुठं? मला एवढंच सांग, थुकतीस कुठं?" रंजना खिडकीबाहेर बघत होती. मी पुढं उभी होते. मध्ये पडणार होते, पण तिनं माझ्याकडं बघून नको म्हणून मान हलवली.

नंतर एकदा सुट्टीला मी तिच्याकडं मुक्कामाला गेले होते, तेव्हा जे बघितलं ते मी विसरणार नाही आणि कुणाला विसरूही देणार नाही. सकाळचे पोहे झाले. मेजरनं वाटी आणि दूध आणून दिलं. रंजनानं गोळ्या तोंडात टाकल्या, दूध प्यायली. मेजर पुढं झाला आणि म्हणाला, "तोंड उघड." तिनं उघडलं. "जीभ वर कर." तिनं केली. त्यानं मोबाईलची बॅटरी लावून तिच्या दाढांत बघितलं. सासूबाई उंबऱ्यात बसून बघत होत्या, मी चहाचा कप हातात घेऊन उभी. मग मेजर माझ्याकडं वळून हसला आणि म्हणाला, "शिस्त लागती, सुरेखाताई. शिस्तीबिगर काय बी हुत न्हाई." मी काय बोलले ते इथं छापता येणार नाही. रंजनानं मला हाताला धरून परसात नेलं. म्हणाली, "म्हशीला औषध पाजून झाल्यावर तिचं तोंड उघडून बघत न्हाई कोण. आन् सुरे, मी घेतीया गं. सगळ्या घेतीया. मग आसं का हुतंय?" तिला स्वतःवरच शंका यायला लागली होती, आणि रंजनाला स्वतःबद्दल शंका येणं ही माझ्या हिशेबी त्या घरानं केलेली सगळ्यात मोठी चोरी.

उलगडा माझ्याच गाडीत झाला. एक शिक्षिका रोज आष्ट्याहून सांगलीला जायच्या. एके दिवशी गर्दीत त्या रंजनाच्या शेजारी बसल्या. तिचा स्वेटर, सुजलेला चेहरा आणि आवाज ऐकून त्यांनी सरळ विचारलं, थायरॉईड आहे का तुम्हाला, मलाही आहे. मग त्या आपलं सांगायला लागल्या की मी तर उठल्या उठल्या साध्या पाण्याबरोबर गोळी घेते, मग तासभर चहासुद्धा घेत नाही, आणि कॅल्शियम तर दुपारनंतरच, नाहीतर गोळी वायाच जाते. मी तिकिटं काढत पुढं सरकले होते. मागून रंजनाचा आवाज आला, "ताई, परत एकदा सांगा." त्यांनी सांगितलं. "दुधाबरोबर घेतली तर?" त्या म्हणाल्या, "छे, मग घेतली काय आणि नाही घेतली काय." मी वळून बघितलं. रंजनानं दोन्ही हातांनी पुढच्या सीटची दांडी धरली होती आणि ती हसत होती. किती महिन्यांनी तिला तसं हसताना बघितलं.

घरी मेजर म्हणाला, बसमधल्या बायकांचं ऐकून औषधं घ्यायची नसतात. पण पुढच्या खेपेला सांगलीला नेहमीचे डॉक्टर नव्हते, त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कागद बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ही गोळी कशाबरोबर घेता?" मेजरनं छाती पुढं काढून सांगितलं, नाष्ट्यानंतर, ग्लासभर म्हशीच्या दुधाबरोबर, सगळ्या एकदम, माझ्यासमोर. बाईंनी पेन खाली ठेवलं. स्टेरॉइड जेवणानंतरच घ्यायची, ते बरोबर आहे, त्या म्हणाल्या, पण ही गोळी उपाशीपोटीच. दूध, कॅल्शियम, लोह जवळ आलं की ती अंगाला लागतच नाही. "म्हणजे यांनी रोज घेतली आणि रोज वाया गेली." मेजर म्हणाला, आम्हाला कुणी सांगितलं नाही. तेही खरंच. आधीच्या डॉक्टरांना तीन वर्षांत हा एक प्रश्न विचारायला सवड मिळाली नव्हती, तिला सगळ्यांसमोर चोर म्हणायला मात्र मिळाली. ते हा लेख वाचत असतील तर त्यांनी हे वाक्य परत वाचावं.

पुरावाही लगेच मिळाला. नीट गोळी सुरू झाल्यावर महिन्या-दोन महिन्यांत रंजनाचं काळीज धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि गोळी कमी केली, मग आणखी कमी केली. वाढवत वाढवत नेलेली ती मोठी गोळी खरोखर अंगाला लागायला लागल्यावर जास्त होत होती. पहिल्यांदा दिली होती तेवढीच तिला पुरेशी होती. तिचा आवाज परत आला, स्वेटर गेला, पायऱ्या ती दांडी न धरता चढायला लागली. आणि तिची जीभही परत आली.

मग तिनं जे केलं ते मी आयुष्यात बघितलेला सगळ्यात गोड सूड आहे. मेजरला फौजेपासून उठल्या उठल्या चहा लागायचा, सासूबाईंनाही. चहा करणार रंजनाच. तिनं जाहीर केलं की आता माझी गोळी झाल्यावर तासभर घरात चहाचं भांडं चढणार नाही. समोर चहा उकळत असला की मला मोह होतोय. ती उठायची, पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि चुलीपुढं नव्हे, तर ओसरीवर घड्याळाखाली खुर्ची टाकून बसायची. मेजर अंगणात येरझाऱ्या घालायचा. एकदा त्यानं स्वतः चहा ठेवायला गॅस पेटवला, तर रंजना बसल्या जागेवरून म्हणाली, "ठिवा की. पण आदी तोंड उघडून दाखवा, बिडी वढली न्हाईसा न्हवं सकाळी?" गॅस बंद झाला. "रोज सकाळी माझं तोंड उघडून बघितलं," ती मला म्हणाली, "आता तासभर यांनी तोंड मिटून बसावं."

पण एवढ्यावर तिचं भागणार नव्हतं. तिला पाटणच्या वर्गातला हिशेब हवा होता. तिनं मेजरला सांगितलं की तुम्ही तुमच्या आईफुडं, गाडीतल्या लोकांफुडं मला खोटी म्हणलात, आता त्यांच्याफुडं म्हणा की ही गोळ्या घेत हुती. मेजर म्हणाला, झालं गेलं, आता बरी हायस न्हवं? सासूबाईंनी मात्र एकदा धार काढताना हळूच म्हटलं, "पोरी, तू खरी हुतीस." मला वाटलं रंजना खूश असेल. ती म्हणाली, "गोठ्यात म्हणली गं. म्हशीफुडं. म्हशीनं मला कवा खोटं म्हणलं हुतं?"

पुढचे महिने चांगले गेले आणि मग ल्यूपस किडनीवर गेला. मी तिला शेवटची भेटले ती याच गाडीत, ॲडमिट व्हायला चालली होती तेव्हा. तिसऱ्या सीटवर, सावलीत. पाय सुजलेले, पण डोळे पहिल्यासारखेच. मी तिच्या शेजारी दोन मिनिटं टेकले. ती म्हणाली, "मी गेले तर ह्ये म्हणतील, गोळ्या घेत नव्हती. बघ तू." मी म्हटलं, म्हणू देत, मी आहे. ती म्हणाली, "तू हायस म्हणून तर सांगतीया." मग सांगलीच्या स्टँडवर उतरताना नेहमीसारखी माझ्या पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढून घेऊन गेली.

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला घाटावर माईक लावतात आणि श्रद्धांजलीची भाषणं होतात. गावातले पुढारी, पाहुण्यांतले मोठे, एकेक जण येऊन बोलतो. बायका मागं बसतात, माईक बायकांच्या हातात जात नाही. त्या दिवशी गावातला एक पुढारी बोलला की मेजरसाहेबांनी सैनिकी शिस्तीत पत्नीची सेवा केली, स्वतःच्या हातानं औषध भरवलं, पण रुग्णानंच साथ दिली नाही तर माणूस काय करणार? सगळ्यांनी माना हलवल्या. मेजर पुढं उभा होता, खाली बघत. तो एक शब्द बोलला नाही. मी उठले, तर शेजारच्या बाईनं माझा पदर ओढून खाली बसवलं. सगळं उरकल्यावर रंजनाचा मुलगा माझ्याकडं आला. सुट्टी काढून आला होता, नुकतं डोकं भादरलेलं. मला म्हणाला, "मावशी, आईनं गोळ्या घेतल्या असत्या तर आज असती का वो ती?" मी त्याला तिथं काही सांगितलं नाही. ते सांगायचं काम माझं नव्हतं. ज्याचं होतं त्याच्याकडून ते मला करून घ्यायचं होतं.

संधी मिळायला काही आठवडे गेले. एका सकाळी आष्ट्याला मेजर गाडीत चढला. गाडी भरलेली. बातमी कळली त्या दिवशीच्या दोन बायाही मागं होत्या, शिक्षिकाही होत्या. मेजर सरळ तिसऱ्या सीटकडं गेला आणि माझी डब्याची पिशवी उचलायला लागला. मी म्हटलं, "ती सीट रिकामी न्हाई." तो डावीकडं खिडकीजवळ बसला. तोंडावर ऊन आलं, त्यानं हात आडवा धरला. ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं, सगळे चढले होते, बेल द्यायची बाकी होती. मी दोरीला हात घातला आणि तसाच ठेवला.

"मेजर," मी म्हटलं, "रंजना गोळ्या घेत हुती का न्हाई?"

तो म्हणाला, "आता कशाला, सुरेखाताई..." मी म्हटलं, मला न्हाई, या लोकांना सांगा. तो म्हणाला, घाटावर मी बोललो न्हवतो. मी म्हटलं, तुमी तिथं उभं हुता. मागून कुणीतरी ओरडलं की बाई, गाडी सोडा, कामावर जायचंय. शिक्षिका मागं वळून म्हणाल्या, "थांबा जरा. ऐकू द्या." मेजरनं इकडंतिकडं बघितलं. ओठ हलले, पण मलाही ऐकू आलं नाही.

"तोंड उघडा, मेजर," मी म्हटलं. "नीट."

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं. त्याच्या मानेच्या शिरा वर आल्या, वाटलं आता उतरून जातो. मग तो म्हणाला, "घेत हुती." मी म्हटलं, मागं ऐकू गेलं नाही. तेव्हा तो परेडवर बोलतात तसा मोठ्यानं बोलला, "घेत हुती. सगळ्या घेत हुती. चुकलं ते माझं." मी म्हटलं, "आता ह्येच पोराला सांगा. आज." आणि मी डबल बेल दिली. डेपोत माझी तक्रार करायची असेल तर त्यानं जरूर करावी. अजून केलेली नाही. लोक म्हणतात की सूड घेऊन समाधान मिळत नाही. मला मिळालं, चांगलं पोटभर मिळालं.

मी तिकिटं काढत मागं गेले. त्या दोन बायांनी मला सुट्टे दिले आणि मान वर केली नाही. परत पुढं आले तेव्हा मेजरनं फोन कानाला लावला होता, उन्हानं डोळे मिटलेले. आधी बराच वेळ तो नुसताच "व्हय... व्हय..." करत राहिला. मग म्हणाला, "न्हाई रं, तुझी आई खोटं बोलली न्हाई कवा." मी त्याला माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. उजवीकडं तिसऱ्या सीटवर सावली होती, माझी पिशवी होती. एरवी आष्टा गेलं की मी ती उचलते आणि कुणालातरी बसू देते. त्या दिवशी सांगलीपर्यंत उचलली नाही.